वसईला केळुसकर हवेत

वसई रोड, नालासोपारा, विरार, कुठल्याही स्टेशनाबाहेर पडून मान वर केली की परदेशी शिक्षणाच्या पाट्या दिसतात. आयर्लंड, जर्मनी, कॅनडा, आयईएलटीएसची तयारी, व्हिसाची फाईल आमच्यावर सोपवा. एका कोपऱ्यात ‘शिष्यवृत्ती मार्गदर्शन’ असेही लिहिलेले असते. आत गेलेल्या मुलाला जी शिष्यवृत्ती दाखवतात ती बहुतेक वेळा विद्यापीठाने आपल्याच फीमध्ये दिलेली सूट असते, आणि उरलेल्या रकमेसाठी कर्जाचे कागद त्याच टेबलावर तयार असतात. सल्ल्याचे पैसे घेत नाहीत याचे पालकांना अप्रूप वाटते. ते पैसे विद्यापीठ देते, दर प्रवेशामागे. यात बेकायदा काही नाही. पण ज्याचे पोट प्रवेशाच्या दलालीवर चालते तो तुमच्या मुलीला जर्मनीतल्या जवळपास फुकट शिकवणाऱ्या सरकारी विद्यापीठात कशाला पाठवील? पुण्याच्या समाज कल्याण आयुक्तालयाची जाहिरात तिला कशाला वाचून दाखवील?

माझे म्हणणे असे की आपल्याकडे परदेशी शिष्यवृत्त्यांची वानवा नाही आणि त्या मिळवण्याजोग्या मुलांचीही नाही. या दोहोंच्या मध्ये उभा राहणारा, मुलाला ओळखणारा आणि त्याबद्दल दमडी न घेणारा माणूस मात्र सापडत नाही.

तो पूर्वी होता. मराठी समाजातून परदेशी शिकायला गेलेल्या पहिल्या पिढ्यांची गोष्ट आपण जिद्दीची गोष्ट म्हणून सांगतो. जिद्द होतीच. पण त्या प्रत्येक गोष्टीत एक तिसरा माणूस आहे आणि त्याच्यावाचून गाडी हलत नाही. आनंदीबाई जोशी 1883 मध्ये फिलाडेल्फियाच्या वैद्यकीय महाविद्यालयात पोचल्या, त्याची सुरुवात त्यांचे पती गोपाळराव यांनी कोल्हापुरात असताना लिहिलेल्या पत्राने झाली. ते अमेरिकेतल्या एका मिशनरी मासिकात छापले गेले. न्यू जर्सीतल्या रोझेल गावच्या थिओडिशिया कार्पेंटर यांनी ते मासिक दंतवैद्याकडे आपला नंबर लागेपर्यंत चाळले, आणि ज्या मुलीला कधी पाहिले नव्हते तिच्याशी पत्रव्यवहार सुरू केला, पुढे तिला घरात ठेवून घेतले. सावरकर 1906 मध्ये श्यामजी कृष्ण वर्मांच्या शिवाजी शिष्यवृत्तीवर लंडनला गेले ते टिळकांच्या शिफारशीने. (त्या शिष्यवृत्तीची अट मजेशीर होती: घेणाऱ्याने इंग्रज सरकारची चाकरी करायची नाही. देणाऱ्याचा हेतू इतका उघड असलेली शिष्यवृत्ती आज शोधून सापडणार नाही.)

सगळ्यात बोलके उदाहरण कृष्णाजी अर्जुन केळुसकरांचे. केळुसकर मुंबईतले शिक्षक आणि चरित्रकार. चर्नी रोडच्या बागेत शाळा सुटल्यावर पुस्तक घेऊन बसणारा एक मुलगा त्यांच्या नजरेत भरला. चौकशी केली, पुस्तके दिली. 1907 मध्ये तो मॅट्रिक झाला तेव्हा सत्कारसभेत आपले बुद्धचरित्र भेट दिले. पुढे कॉलेजचा खर्च घराला झेपेना तेव्हा केळुसकरांनी बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड यांच्याकडे शब्द टाकला आणि भीमराव आंबेडकरांना महिना 25 रुपये सुरू झाले. ती ओळख नसती तर 1913 चे कोलंबिया विद्यापीठ, महिना साडेअकरा पौंड आणि तीन वर्षे, हे पुढचे काहीच घडायचे कारण नव्हते. केळुसकर श्रीमंत नव्हते, संस्थानिक नव्हते. त्यांच्याकडे दोनच गोष्टी होत्या. कोणता मुलगा काय वाचतो हे त्यांना ठाऊक होते आणि कोणत्या दारात कधी जायचे हेही ठाऊक होते.

इथे वाचक मला थांबवील, आणि त्याचे बरोबर असेल. केळुसकर बागेत जात होते म्हणून एक मुलगा सापडला; जे बागेत बसले नाहीत त्यांचे काय? शिफारशीची व्यवस्था म्हणजे ओळखीची व्यवस्था, आणि ओळखी जातीपातीने वाटलेल्या असतात. हे सर्वांत आधी बाबासाहेबांनाच कळलेले असणार. 1942 मध्ये व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात असताना त्यांनी अनुसूचित जातींच्या गाऱ्हाण्यांचे जे निवेदन दिले त्यात उच्च आणि परदेशी शिक्षणासाठी सरकारी पैशाची मागणी होती. ज्याला मध्यस्थ लाभला त्यानेच मध्यस्थावाचून चालेल अशी योजना मागितली. स्वातंत्र्यानंतर 1954-55 पासून केंद्राची राष्ट्रीय परदेश शिष्यवृत्ती आली, पुढे राज्याची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती. योजनेने पैसा आणला, हक्क आणला. बागेतल्या मुलाला हेरण्याचे काम मात्र कोणाच्याच कामाच्या यादीत लिहिले गेले नाही.

आता यादी पाहा. शाहू महाराज शिष्यवृत्ती अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी, वर्षाला 75 जागा. मराठा-कुणबी विद्यार्थ्यांसाठी सारथी या राज्याच्या संस्थेची, सयाजीरावांच्याच नावाची, तिच्याही 75. इतर मागास, भटके-विमुक्त, आदिवासी, खुल्या वर्गातले कमी उत्पन्नाचे, अलीकडे अल्पसंख्याक, प्रत्येकासाठी वेगळा विभाग, वेगळी जाहिरात, वेगळी मुदत. खासगी विश्वस्त संस्था आहेत. जमशेटजी टाटांनी 1892 मध्ये सुरू केलेली कर्ज-शिष्यवृत्ती आजही मुंबईतूनच चालते. तिच्या सुरुवातीच्या मानकऱ्यांत डॉक्टर कृष्णाबाई केळवकर होत्या आणि 1957 मध्ये केंब्रिजला निघालेले जयंत नारळीकरही तिचेच. महिंद्रांचा शिक्षण न्यास, इनलॅक्स, नरोत्तम सेखसरिया हे आहेत. परदेशी सरकारांच्या चेव्हनिंग, कॉमनवेल्थ, फुलब्राइट-नेहरू, जर्मनीची डाड, जपानची मेक्स्ट, युरोपची इरॅस्मस मुंडस या आहेतच. यातल्या चेव्हनिंगला दोन वर्षांचा आणि फुलब्राइटच्या पदव्युत्तर शिष्यवृत्तीला तीन वर्षांचा कामाचा अनुभव लागतो, हे आमच्या मुलांना अर्ज भरायला बसल्यावर कळते.

माहिती तर सगळी मोबाइलवर आहे, मग माणूस कशाला, असा प्रश्न हमखास येतो. माझे उत्तर एका मुलीच्या वेळापत्रकात आहे. समजा, ती नालासोपारा पूर्वेला राहते, आजोबा लांज्याहून मुंबईला आले, वडील वाड्याला एका कारखान्यात जातात, ती वसईच्या एका महाविद्यालयात तिसऱ्या वर्षाला आहे आणि तिला ब्रिटनमध्ये सांख्यिकीचे एक वर्षाचे एमएस्सी करायचे आहे. विद्यापीठांचे अर्ज आदल्या वर्षीच्या ऑक्टोबरपासून सुरू होतात. इरॅस्मसच्या बहुतेक मुदती जानेवारीपर्यंत संपतात. टाटा, महिंद्रा, इनलॅक्स यांचे अर्ज साधारण जानेवारी ते एप्रिल या काळात. राज्याच्या जाहिराती येतात मे ते जुलैमध्ये, निवड यादी कधी ऑगस्टला तर कधी त्याहून उशिरा, आणि ब्रिटनमधले वर्ग सप्टेंबरात सुरू होतात. मधल्या काळात विद्यापीठाला काही हजार पौंडांची अनामत हवी असते. सरकारी योजनेला बिनशर्त प्रवेशपत्र हवे असते. बिनशर्त प्रवेशपत्राला अंतिम गुणपत्रिका हवी, काही विद्यापीठांना अनामतही हवी. अनामत भरायला शिष्यवृत्ती हवी, आणि शिष्यवृत्तीला बिनशर्त प्रवेशपत्र. जिच्या वडिलांकडे तीन महिन्यांसाठी तीन लाख रुपये उचलून देण्याची ऐपत आहे तिला हे कोडे पडत नाही. म्हणजे गरिबांसाठी काढलेली योजना वेळापत्रकाने हळूच थोड्या बऱ्या स्थितीतल्यांकडे सरकते. हे कोणी ठरवून केलेले नाही, आणि म्हणूनच ते दुरुस्त करायला कोणी पुढे येत नाही.

त्यात कागद. वसई-विरार हे बाहेरून आलेल्यांचे शहर. जात वैधतेसाठी अनुसूचित जातीच्या मुलीला 10 ऑगस्ट 1950 पूर्वीचा पुरावा हवा, भटक्या-विमुक्तांना 21 नोव्हेंबर 1961 पूर्वीचा, इतर मागासांना 13 ऑक्टोबर 1967 पूर्वीचा. हा पुरावा नालासोपाऱ्यात कसा असेल? तो लांज्याच्या मराठी शाळेच्या दाखल-खारीज रजिस्टरात आहे, आजोबांच्या किंवा पणजोबांच्या नावावर, आणि ते रजिस्टर उघडायला कोकणात एक खेप करावी लागते. पूर्व पट्ट्यातल्या वारली किंवा मल्हार कोळी मुलासाठी आदिवासी विकास प्रकल्पाचे कार्यालय डहाणूला आहे आणि विरारपुढे गाड्या मोजक्याच. उत्पन्नाचा दाखला तहसीलदारांकडून, ट्रान्सक्रिप्ट मुंबई विद्यापीठाच्या कलिन्याच्या परीक्षा भवनातून. यातला एकेक कागद मिळतो, सरकारी कर्मचारी काही राक्षस नसतात. पण हे कागद मे महिन्यात जाहिरात वाचल्यावर गोळा करायचे नसतात, ते दुसऱ्या वर्षीच्या दिवाळीच्या सुट्टीत आणायचे असतात. दिवाळीत गावाला जातेस ना, येताना शाळेतून उतारा घेऊन ये, हे वाक्य मोबाइल म्हणत नाही. ते माणसाला म्हणावे लागते.

कर्ज काढा की, असेही लोक सांगतात. वसईच्या पश्चिम पट्ट्यात ते काही अंशी चालते. तिथे वाडी असते, सातबारा असतो, बॅसीन कॅथॉलिक बँकेसारखी 1918 पासूनची आपली सहकारी बँक असते, आखातात नाहीतर आणखी कुठे एखादा मामा असतो. परदेश त्या गावांना नवा नाही. गोन्सालो गार्सिया सोळाव्या शतकातच वसईहून जपानला गेला आणि 1597 मध्ये नागासाकीला हुतात्मा झाला. अर्थात तिथल्या ख्रिस्ती मुलांचाही एक आधार गेला. अल्पसंख्याकांच्या परदेशी शैक्षणिक कर्जावरचे व्याज भरणारी केंद्राची ‘पढो परदेश’ योजना 2022-23 पासून बंद झाली. पण नालासोपारा पूर्वेला कर्जाचा प्रश्न मुळातच वेगळा आहे. मोठ्या कर्जाला तारण लागते आणि तिथल्या कितीतरी इमारतींना ना परवानगी, ना भोगवटा प्रमाणपत्र. न्यायालयाच्या आदेशाने 2024 च्या अखेरीपासून तिथल्या 41 अनधिकृत इमारती पाडल्या गेल्या हे आपण सर्वांनी पाहिले आहे. असले घर कोणती बँक तारण घेईल? या मुलीला कर्ज की शिष्यवृत्ती अशी निवडच नाही. तिच्यापुढे शिष्यवृत्ती आहे किंवा काहीच नाही.

सरकारने पैसे देऊन मुले बाहेर पाठवायची आणि ती तिकडेच राहणार, मग आपला काय फायदा, हा आक्षेप मी गंभीरपणे घेतो. सार्वजनिक पैशाला हिशेब विचारलाच पाहिजे. आपल्याकडे परतीची परंपराही चांगली आहे. रँग्लर परांजपे सरकारी शिष्यवृत्तीवर केंब्रिजला गेले, 1899 मध्ये सीनिअर रँग्लर झाले, आणि आधी दिलेल्या शब्दाला जागून फर्ग्युसनमध्ये तुटपुंज्या पगारावर शिकवायला आले. आंबेडकरांनीही बडोद्याशी करार केला होता, परतल्यावर दहा वर्षे नोकरीचा. ते 1917 मध्ये करार पाळायला बडोद्याला गेले. तिथे त्यांना राहायला खोली मिळाली नाही; पारशी धर्मशाळेतून लोकांनी काठ्या घेऊन बाहेर काढले आणि थोड्याच दिवसांत ते मुंबईला परतले. परतीची अट घालणाऱ्याने परतणाऱ्यासाठी जागा राखली पाहिजे. राज्यातल्या विद्यापीठांत आणि महाविद्यालयांत प्राध्यापकांच्या जागा वर्षानुवर्षे रिकाम्या राहतात आणि तासिका तत्त्वावर काम भागवले जाते. अशा वेळी ‘तो परत आला नाही’ हा ठपका मुलावर ठेवायला मी तयार नाही.

खर्चाचा हिशेबच करायचा तर आधी क्रमवारीच्या अटीकडे पाहावे. बहुतेक सरकारी योजना क्यूएस क्रमवारीतल्या वरच्या विद्यापीठांचाच प्रवेश मान्य करतात, राज्याच्या योजना साधारण पहिल्या दोनशेतला. अट सोपी आहे, कारकुनाला तपासता येते, म्हणून टिकली आहे. पण तिच्यामुळे मुले लंडन आणि अमेरिकेच्या महागड्या विद्यापीठांकडे ढकलली जातात, आणि जर्मनीच्या उपयोजित विज्ञानाच्या उत्तम सरकारी संस्था, जिथे फी जवळजवळ नाही, यादीबाहेर राहतात. एका मुलाच्या लंडनच्या खर्चात जर्मनीत किमान दोन मुले शिकली असती. अर्नाळ्याच्या किंवा पाचूबंदरच्या कोळ्याच्या मुलाला मत्स्यशेती शिकायची असेल तर त्याने विषयातले उत्तम विद्यापीठ शोधावे की सर्वसाधारण क्रमवारीतले? दुसरीकडे निर्वाहभत्ता. ब्रिटनसाठी वर्षाला 9,900 पौंड हा आकडा सरकारी योजनांत कित्येक वर्षे चालत आला. लंडनमध्ये शिकणाऱ्याला व्हिसासाठी 2025 मध्ये नऊ महिन्यांच्याच खर्चापोटी तेरा हजारांहून जास्त पौंड दाखवावे लागत होते. म्हणजे शाळा महागातली निवडायला लावायची आणि जेवणाचे पैसे मोजून द्यायचे.

केंद्राच्या योजनेची तऱ्हा आणखी निराळी. तिच्या 125 जागा आहेत. 2022 पासून तिच्यात एक कलम आले: भारतीय संस्कृती, वारसा, इतिहास आणि भारताविषयीचे सामाजिक अभ्यास या विषयांसाठी पैसे मिळणार नाहीत. सोपाऱ्यात अशोकाचे शिलालेख सापडले, 1882 मध्ये भगवानलाल इंद्रजींनी तिथला स्तूप उकरला. त्याच सोपाऱ्यातल्या दलित मुलाला बौद्ध पुरातत्त्व परदेशी शिकायचे असेल तर त्याने ही योजना विसरावी. हे विषय भारतातच शिकता येतात, असे सरकार म्हणते. अभिलेखशास्त्राचे केवढे साहित्य लंडन आणि लायडनच्या ग्रंथालयांत पडले आहे हे ज्यांना माहीत आहे त्यांना हा युक्तिवाद पटणार नाही. आणि 2025 च्या जुलैत तर निवडलेल्या 106 विद्यार्थ्यांपैकी सुरुवातीला 40 जणांनाच तात्पुरती मंजुरीपत्रे मिळाली. बाकीच्यांना निधी उपलब्ध झाल्यास असे कळवले गेले. प्रवेश हातात, व्हिसाची तारीख जवळ, आणि निधी उपलब्ध झाल्यास!

हे सरकारी घोळ वसईत बसून आपण एका वर्षात सोडवू शकणार नाही. त्यासाठी विधिमंडळात भांडावे लागेल, आणि भांडणाची मागणी नेमकी असावी: जाहिरात ऑक्टोबरात, सशर्त प्रवेशपत्रावर तात्पुरती निवड, मार्चपर्यंत यादी. पैसा एक रुपयाही जास्त लागत नाही. पण महाविद्यालयाच्या आवारात जे होऊ शकते त्यासाठी कोणाच्या परवानगीची गरज नाही.

शिफारसपत्रापासून सुरुवात करू. एकशेवीस मुलांच्या वर्गात प्राध्यापकाला मुलगी ओळखता येत नाही, हे मान्य. म्हणून तो म्हणतो, तूच लिहून आण, मी सही करतो. ती मोबाइलवरून नमुना उतरवते. मेहनती, प्रामाणिक, वक्तशीर. निवड समितीपुढे अशी पत्रे गठ्ठ्यांनी येतात आणि त्यांच्यातून काहीच कळत नाही. तिने दुसऱ्या वर्षी वसई किल्ल्याच्या खाडीकाठचे पाण्याचे नमुने तपासले होते, तिच्या आकडेवारीत चूक निघाली तेव्हा तिने सगळे मोजमाप पुन्हा केले, असे एक वाक्य त्या सगळ्या विशेषणांना भारी आहे. ते लिहायला प्राध्यापकाने तिला काहीतरी काम दिलेले असावे लागते. आणखी एक बारीक गोष्ट: कित्येक अर्ज शिफारस करणाऱ्याचा संस्थेचा ईमेल मागतात, जीमेल चालत नाही. आमच्या कितीतरी प्राध्यापकांकडे तो नसतो. अर्ज इतक्याशा गोष्टीवर अडतो.

मुलाने स्वतः लिहायचे निवेदनही तसेच. सल्लागारांच्या कार्यालयातून निघणारी निवेदने एकाच साच्याची असतात. लहानपणापासूनचे स्वप्न, जागतिक दर्जा, देशसेवा. आनंदीबाईंनी 1883 मध्ये कॉलेजच्या कारभाऱ्यांना लिहिलेले पत्र आमच्या प्रत्येक वर्गात वाचून दाखवावे. आपली तयारी प्रवेशाच्या अटींना कदाचित पुरी पडणार नाही हे त्या अठरा वर्षांच्या मुलीने त्यात लपवले नाही. कशासाठी शिकायचे आहे, तेवढे नेमके सांगितले: पुरुष डॉक्टरकडे जाण्यापेक्षा मरण पत्करणाऱ्या बायकांसाठी. यापेक्षा चांगला नमुना मला माहीत नाही, आणि तो लिहिला तेव्हा तिच्या हाताशी कोणताही सल्लागार नव्हता.

प्रत्येक महाविद्यालयाने एका प्राध्यापकाचे आठवड्याचे चार तास यासाठी अधिकृतपणे मोकळे करावेत. मानधन द्यावे, कामाच्या भारात धरावे. सेवाभावावर सोडले तर ते पहिल्या परीक्षेच्या हंगामात बंद पडेल. त्याने दुसऱ्या वर्षाच्या मुलांची यादी करावी, कोणाचा कोणता कागद बाकी आहे ते लिहावे, ऑक्टोबर ते जुलैचे वेळापत्रक भिंतीवर लावावे. एकाच शिष्यवृत्तीवर कोणी विसंबू नये हेही सांगावे. बाबासाहेब 1920 मध्ये दुसऱ्यांदा लंडनला गेले ते सिडनहॅम कॉलेजातल्या पगाराची शिल्लक, शाहू महाराजांची मदत आणि मित्र नवल भथेना यांचे कर्ज असे तिन्हीकडून जमवून. आजही बहुतेकांचे असेच जमते. ज्या महाविद्यालयाला एकटे परवडत नाही त्याने शेजारच्या महाविद्यालयाबरोबर करावे. वसई आणि विरारमध्ये अंतर ते किती.

आणि हे वाचणाऱ्या तुमच्यापैकी कोणाच्या घरात शिष्यवृत्तीवर बाहेर शिकून आलेले, किंवा अजून तिकडेच असलेले कोणी असेल, तर त्यांना या नाताळात किंवा मे महिन्यात घरी आल्यावर सत्काराला नेऊ नका. जवळच्या महाविद्यालयाच्या दुसऱ्या वर्षाच्या वर्गात दोन तासांसाठी पाठवा. सोबत त्यांनी भरलेला अर्ज, नाकारलेल्या अर्जांसकट, न्यायला सांगा.